हात वाकला की ताठला?

दुचाकी घसरते, डोकं दुभाजकावर आपटतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. काही क्षणांत त्याचे दोन्ही हात कोपरात वाकून छातीशी येतात, मुठी घट्ट मिटतात. किंवा याच्या उलट घडतं: हात अंगालगत ताठ होतात, तळवे बाहेरच्या बाजूला वळतात, दातखीळ बसते, मान मागे ओढली जाते. जमलेल्या गर्दीतला कुणीतरी म्हणतो, फिट आली. मग कांदा फोडून नाकाशी धरला जातो, चामड्याची चप्पल हुंगवली जाते, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला जातो. दुसरा कुणी ते हात दाबून सरळ करू पाहतो. तिसरा सांगतो, हातपाय हलताहेत म्हणजे काळजीचं कारण नाही, येईल शुद्धीवर. तिघांनाही मदतच करायची असते, पण समोरचं शरीर जे सांगतंय ते तिघांच्याही लक्षात आलेलं नसतं. डोक्याला मार लागल्यावर बेशुद्ध माणसाच्या हातापायांना येणारी ही ठरावीक ठेवण अपस्मार नव्हे, सुधारणेची खूण नव्हे, आणि मृत्यूचा दाखलाही नव्हे. मेंदूचा कोणता थर अजून काम करतो आहे आणि कोणता थांबला आहे, याची ती बाहेरून दिसणारी नोंद आहे. ही नोंद सर्वांत आधी ज्याच्या नजरेस पडते तो बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. म्हणून तिचं वर्णन करता येणं (निदान नव्हे, फक्त वर्णन) हे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातलं आणि रुग्णाच्या थेट उपयोगाचं ज्ञान आहे, असं मला आग्रहानं म्हणायचं आहे. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती, हे लक्षात घेतलं तर असा प्रसंग कुणाच्याही समोर उभा राहू शकतो.

आधी या ठेवणी नीट पाहू. पहिलीत हात वाकतात: दंड अंगाला चिकटतात, कोपर, मनगट आणि बोटं आत मुडपतात, पाय मात्र सरळ ताठ होऊन पावलं खाली आणि आत वळतात. वैद्यकात हिला डिकॉर्टिकेट म्हणतात. दुसरीत हातही ताठतात: कोपरं सरळ, हात खांद्यापासून आतल्या बाजूला पिळलेले, मनगटं वाकलेली, जबडा आवळलेला, पाठीची कधी कधी कमान झालेली. ही डिसेरेब्रेट. यांतली कोणतीही ठेवण शरीराच्या फक्त एकाच बाजूलाही दिसू शकते. एका हाताला पहिली आणि दुसऱ्याला दुसरी, असंही होतं. त्या सतत टिकतातच असं नाही. अनेकदा रुग्ण सैल पडलेला असतो आणि चिमटा, घशात घातलेली सक्शनची नळी, कूस बदलणं, एवढंच काय मोठा आवाज, अशा एखाद्या निमित्तानं तो त्याच ठेवणीत जातो आणि पुन्हा सैल होतो. अपस्माराचा मोठा झटका असा नसतो. त्यात आधी अंग ताठतं, मग लयबद्ध झटके येतात, एक-दोन-तीन मिनिटांत ते विरळ होत थांबतात आणि रुग्ण गाढ गुंगीत जातो. मेंदूच्या इजेतल्या ताठरण्याला अशी लय नसते. ते संथ, दाबून धरल्यासारखं असतं. धनुर्वातातही शरीराची कमान होते, पण तिथे माणूस पूर्ण शुद्धीत असतो आणि प्रत्येक आकडीची वेदना त्याला कळते. इथे शुद्ध हरपलेली असते.

असं का होतं, हे समजायला मेंदूतली हालचालीची व्यवस्था थरांमध्ये पाहावी लागते. सर्वांत वर मेंदूचं बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स. आपण ठरवून केलेली प्रत्येक हालचाल तिथून निघते. त्याखाली मध्यमेंदू, आणि त्यात रेड न्यूक्लिअस नावाचं एक केंद्र. हातांना वाकवणाऱ्या स्नायूंना चालना देण्याचं काम त्याच्याकडे असल्याचं मानलं जातं. आणखी खाली, मस्तिष्कस्तंभात, तोल सांभाळणारी व्हेस्टिब्युलर केंद्रं असतात. गुरुत्वाकर्षणाशी झुंजत शरीर उभं ठेवणाऱ्या, म्हणजे अवयव सरळ करणाऱ्या स्नायूंना ती सतत ताण देत असतात. निरोगी माणसात वरचा थर खालच्या थरांना आवरून धरतो, म्हणून आपण हातात पेला धरून सैल बसू शकतो. कॉर्टेक्सचा संपर्क तुटला पण मध्यमेंदू शाबूत राहिला, तर हातांवर वाकवणाऱ्या केंद्राचा अंमल चालतो आणि पायांवर ताठ करणाऱ्याचा. इजा किंवा दाब मध्यमेंदूपर्यंत उतरला की वाकवणारं केंद्रही गळतं आणि चारही अवयव ताठ करणाऱ्या केंद्रांच्या हाती जातात. तीही निकामी झाली की ताठरपणा संपतो आणि शरीर लुळं पडतं. इथेच बघणाऱ्याची मोठी फसगत होते. आधी ताठलेला माणूस एकाएकी सैल झाला की जवळच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झाला. शुद्ध परत आल्याची खूण नसेल, तर ती शांतता त्या ताठरण्याहून वाईट असू शकते.

या ठेवणीला फिट समजण्याची चूक फक्त रस्त्यावरच्या गर्दीनं केलेली नाही. आधुनिक मज्जाविज्ञानाच्या संस्थापकांपैकी एक, लंडनचे ह्यूलिंग्ज जॅक्सन, यांनी १८७१ मध्ये लहान मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाचं असं ताठरणं बारकाईनं टिपलं आणि त्याला लहान मेंदूतून उद्भवणाऱ्या फिट्स म्हटलं. निरीक्षण अचूक होतं, कारण मात्र दुसरीकडे होतं. ते कळायला १८९८ साल उजाडावं लागलं. तेव्हा लिव्हरपूलमध्ये असलेल्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांजराचा मध्यमेंदू आडवा छेदला. वरच्या मेंदूपासून तुटलेल्या त्या मांजराचे चारही पाय खांबासारखे ताठ झाले, इतके की प्राण्याला उभं केलं तर तो त्यांवर उभा राहावा. पुढचा प्रयोग त्याहून महत्त्वाचा होता. त्यांनी पायाकडून मज्जारज्जूकडे संवेदना नेणाऱ्या नसांची मुळं कापली, आणि त्या पायातला ताठरपणा गेला. म्हणजे ताठरपणा हा मेंदूतल्या कुठल्या उफाळलेल्या विजेचा परिणाम नव्हता. स्नायू ताणला की मज्जारज्जूनं त्याला उलट आखडायला लावायचं, अशी जी प्रतिक्षिप्त क्रिया आपल्या सगळ्यांत अखंड चालू असते, तीच वरचा लगाम सुटल्यावर बेबंद झाली होती. शेरिंग्टन यांना १९३२ चं नोबेल मिळालं ते चेतापेशींच्या कार्यावरील अशाच शोधांसाठी.

पुढे १९२६ मध्ये रिक्टर आणि बार्टमायर या संशोधकांनी एक सुरेख पडताळणी केली. ताठ होणारे स्नायू हे जर खरोखर प्राण्याच्या नेहमीच्या गुरुत्वविरोधी ठेवणीचे असतील, तर झाडाला उलटं लोंबकळून जगणाऱ्या स्लॉथमध्ये काय व्हायला हवं? त्याचं वजन वाकवणारे स्नायू पेलतात. प्रयोगात स्लॉथचे अवयव ताठले नाहीत, वाकले. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो: इजा झालेला मेंदू नवी हालचाल निर्माण करत नाही, तो त्या प्राण्याच्या जगण्यात मुरलेली जुनी ठेवण उघडी पाडतो. त्याआधीच १९२० मध्ये किनियर विल्सन यांनी शेरिंग्टनच्या मांजरापासून रुग्णशय्येपर्यंतचा दुवा जोडला होता, आणि जॅक्सनच्या त्या फिट्स मुळात अशा डिसेरेब्रेट ताठरण्याच्याच असल्याचं मांडलं होतं. फिट आणि हे ताठरणं यांतला फरक वैद्यकाला उलगडायला पन्नास वर्षं लागली. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो एका नजरेत कळला नाही, यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. मात्र कळल्यावरही कांदा हुंगवत राहण्याला काही समर्थन उरत नाही.

डोक्याला मार लागल्यावर दाब वरून खाली उतरतो तो कवटीमुळे. कवटी म्हणजे न ताणणारं हाडाचं बंद पात्र. प्रौढ माणसाच्या कवटीत ढोबळमानानं १,४०० मिलिलिटर मेंदू, सुमारे १५० मिलिलिटर रक्त आणि तेवढंच मेंदूभोवतीचं पाणी असतं. आत रक्ताची गाठ साठू लागली किंवा मेंदूला सूज आली की आधी पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जाऊन जागा होते. ही सोय संपली की पुढच्या थोड्याशा वाढीनंही दाब झपाट्यानं चढतो आणि मेंदूचा भाग खालच्या फटीतून मध्यमेंदूवर रेटला जातो. त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली विस्फारते, कारण तिला आकसवणारी नस तिथेच चिरडली जाते. विरुद्ध बाजूचे हातपाय दुबळे होतात, मग वाकतात, मग ताठतात. रक्तदाब वर जातो, नाडी मंदावते, श्वास बिघडतो. कानशिलाजवळच्या अस्थिभंगानं मेंदूच्या आवरणाबाहेरची धमनी फाटली असेल, तर मध्ये एक फसवा काळही येऊ शकतो: माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, घरी जाऊ म्हणतो आणि काही तासांत कोसळतो. अशी गाठ वेळेत काढली तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. वाकण्याकडून ताठण्याकडे आणि ताठण्याकडून लुळेपणाकडे होणारा प्रवास बहुधा या दाबाच्या उतरंडीचा असतो. म्हणूनच एखाद्या क्षणाच्या ठेवणीपेक्षा ती कशाची कशी झाली, आणि किती वेळात, याला जास्त किंमत आहे.

वैद्यकानं ही किंमत ओळखल्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. १९७४ मध्ये ग्लासगोचे ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ते लॅन्सेट नियतकालिकात मांडलं. त्याआधी बेशुद्धीसाठी प्रत्येक रुग्णालयाचे आपापले शब्द होते: गुंगी, अर्धबेशुद्धी, गाढ बेशुद्धी. रात्रपाळीच्या नर्सनं लिहिलेल्या एखाद्या शब्दावरून सकाळच्या डॉक्टरला रुग्ण सुधारला की खालावला, ते कळत नसे. या दोघांनी तीनच गोष्टी पाहायला सांगितल्या: डोळे कधी उघडतात, तोंडून काय निघतं, आणि हात कसा हलतो. आज हाताच्या हालचालीला सहा पायऱ्या आहेत. सांगितलेलं ऐकलं तर सहा. वेदना देणाऱ्या बोटांपर्यंत हात आणून ते दूर सारायचा प्रयत्न केला तर पाच. नुसता हात मागे घेतला तर चार. विकृत रीतीनं वाकला तर तीन. ताठला तर दोन. काहीच झालं नाही तर एक. तिन्ही बाबी मिळून एकूण तीन ते पंधरा गुण, आणि आठ किंवा त्याखाली गेलेली डोक्याची इजा गंभीर धरली जाते. या मोजणीत डिकॉर्टिकेट, डिसेरेब्रेट हे शब्द मुद्दाम टाळले आहेत. तिथे आहेत फक्त विकृत वाकणं आणि ताठणं. कारण जुन्या नावांत मेंदूतल्या जागेचा निष्कर्ष आधीच दडलेला आहे, आणि नोंद करणाऱ्यानं निष्कर्ष नव्हे, डोळ्यांना दिसलेलं लिहावं. माझ्या म्हणण्याचा सगळा आधार हाच आहे. ज्या मोजपट्टीवर जगभरची अतिदक्षता केंद्रं पन्नास वर्षं चालली, ती वर्णनावर उभी आहे. चौथी आणि तिसरी पायरी ओळखताना अनुभवी हातही कधी कधी चुकतात, हे खरं. पण हात वाकला की ताठला, एक की दोन्ही, हे डोळे असलेल्या कुणालाही दिसतं.

यावर पहिला आक्षेप मज्जातज्ज्ञांकडूनच येऊ शकतो. थरांचा हा नकाशा फार नीटनेटका आहे, असं ते म्हणतील, आणि ते बरोबर आहे. वर सांगितलेली यंत्रणा मुख्यतः मांजरांवरच्या प्रयोगांतून आली. माणसात रेड न्यूक्लिअसकडून मज्जारज्जूकडे जाणारा मार्ग मांजराच्या मानानं बराच बारीक असतो, आणि रुग्णांच्या स्कॅनवर दिसणारी इजेची जागा दर वेळी ठेवणीशी जुळत नाही. मार विखुरलेला असेल तर हात ताठलेला असूनही मध्यमेंदू जवळपास शाबूत असू शकतो. पण हा आक्षेप नकाशाच्या तपशिलाला लागतो, खुणेच्या वजनाला नाही. गंभीर इजा झालेल्या रुग्णांच्या मोठमोठ्या नोंदींमध्ये हाताच्या हालचालीचे गुण हे, वय आणि बाहुल्यांच्या प्रतिसादाबरोबर, पुढचं भाकीत करणाऱ्या सर्वांत भक्कम निकषांपैकी ठरले आहेत. नेमकी जागा कुठली याबद्दल मतभेद असू शकतात. हात ताठतोय तेव्हा मेंदूला तातडीनं मदत हवी, याबद्दल मतभेद नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, कारण त्यात थकवा आहे. ताठलेल्या रुग्णांपैकी बरेच जण वाचत नाहीत किंवा गंभीर अपंगत्वासह वाचतात; मग एवढं बारीक बघून काय मिळणार? अपघातातल्या इजेपुरतं बोलायचं तर हे भाकीत खरोखर कठोर आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण हीच ठेवण इतर कारणांनीही येते, आणि त्यांतली काही उलटवता येतात. मधुमेहाच्या रुग्णाची रक्तातली साखर फार खाली गेली तर तो अगदी डिसेरेब्रेट रुग्णासारखा ताठू शकतो आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर उठून बसू शकतो. म्हणूनच अशा प्रत्येक रुग्णाची साखर आधी तपासतात. यकृत निकामी झाल्यानं आलेल्या बेशुद्धीतही हे दिसतं आणि उपचारांनी जाऊ शकतं. तिसरं उदाहरण मेंदूच्या मलेरियाचं. आफ्रिकेत मलावीतल्या ब्लॅन्टायर इथे १९८९ मध्ये माल्कम मॉलिनिओ, टेरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी बेशुद्धीची वेगळी मोजपट्टी तयार केली. त्या वॉर्डांत फाल्सिपेरम मलेरियानं बेशुद्ध झालेली, हातपाय ताठलेली मुलं नेहमी येत. काही दगावत, काहींना कायमची हानी होई, पण योग्य उपचार मिळालेली पुष्कळ मुलं दोन-चार दिवसांत शुद्धीवर येऊन घरी जात. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हाच फाल्सिपेरम आढळतो, त्यामुळे तापानं ताठलेलं मूल दिसलं की भूतबाधा किंवा फिट समजून तासन्‌तास घालवणं ही तिथे निव्वळ अंधश्रद्धेची बाब राहत नाही.

अपघाताच्या बाबतीतही वेळेचा प्रश्न तितकाच खरा आहे. पहिल्या आघातात जे पेशीजाल तुटलं ते तुटलं. पण त्यानंतर ऑक्सिजन कमी पडून, रक्तदाब घसरून, दाब चढून होणारी दुसरी हानी टाळता येते. अमेरिकेतल्या ट्रॉमॅटिक कोमा डेटा बँकेच्या ७१७ गंभीर रुग्णांचं विश्लेषण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाण्याचा एखादा प्रसंगही मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या आसपास नेतो, असं दिसलं. श्वासमार्ग मोकळा ठेवणं, ऑक्सिजन, रक्तदाब सांभाळणं, डोकं तीस अंश उंच ठेवणं, मॅनिटॉल किंवा तीव्र सलाईननं दाब उतरवणं, गाठ असेल तर ती काढणं: यांतलं बरंचसं साधं आहे, पण सगळं घड्याळाला बांधलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून व्याख्या मिळाली आहे.

खेळाच्या मैदानावर हीच खूण क्षणभरापुरती दिसते आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. ठोसा बसताच किंवा डोकं आपटताच खेळाडू कोसळतो आणि एक हात ताठ हवेत उभा राहतो, दुसरा वाकतो. तलवारबाजाच्या पवित्र्यासारखी ती ठेवण काही सेकंदांत विरते. लहान बाळाची मान एका बाजूला वळवली की त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा वाकतो, तीच ही जुनी प्रतिक्षिप्त क्रिया. चार-सहा महिन्यांत ती झाकली जाते, नष्ट होत नाही. केंटकी विद्यापीठाचे हुसैनी आणि लिफशिट्झ यांनी २००९ मध्ये मैदानावर बेशुद्ध पडलेल्या खेळाडूंच्या ध्वनिचित्रफिती तपासल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रसंगांत ही ठेवण दिसली. उंदरांवरच्या प्रयोगांत ती सौम्य आघाताला न येता मध्यम तीव्रतेच्या आघाताला आली. अमेरिकन फुटबॉलपटू तुआ टागोव्हाइलोआ २५ सप्टेंबर २०२२ रोजी डोकं आपटल्यावर लटपटताना साऱ्या प्रेक्षकांनी पाहिला, तरी पाठीच्या दुखण्याचं कारण देऊन तो परत खेळला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत तो पुन्हा जमिनीवर आदळला आणि त्याची बोटं चेहऱ्यासमोर वेडीवाकडी ताठून राहिली. त्या दृश्यानं इतका क्षोभ झाला की ८ ऑक्टोबरला तिथल्या फुटबॉल लीगनं आणि खेळाडू संघटनेनं नियम बदलले: तोल जाण्याचं लक्षण दिसलं की त्या दिवशी परत मैदानात नाही. आता खेळातल्या मेंदूइजेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत आघातानंतरचं ताठरणं ही खेळाडूला ताबडतोब बाहेर काढण्याची दृश्य खूण मानली जाते. गावच्या कबड्डीच्या किंवा कुस्तीच्या फडात पंचांकडे कॅमेरे नसतात, पण डोळे असतात, आणि काही सेकंदांनी उठून बसलेल्या पैलवानाला ‘जमतंय, खेळ’ म्हणण्याआधी त्या सेकंदांत हात कसा होता हे आठवणं त्यांना अशक्य नाही.

रुग्णालयात एक वेगळा गोंधळ होतो, त्याचाही उल्लेख इथे करायला हवा. अतिदक्षता विभागात नातेवाईक हात वाकताना पाहतात आणि त्यांना आशा वाटते, किंवा डॉक्टर ‘ब्रेन डेड’ म्हणतात तेव्हा हलणारी बोटं दाखवून ते संतापतात. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मस्तिष्कस्तंभ-मृत्यूला मान्यता दिली आहे. चार डॉक्टरांच्या मंडळानं किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून तो प्रमाणित करायचा असतो. वर सांगितलेल्या ठेवणी उमटवायला मस्तिष्कस्तंभ काही अंशी जिवंत असावा लागतो. म्हणून खरी डिकॉर्टिकेट किंवा डिसेरेब्रेट ठेवण असेल, तर मस्तिष्कस्तंभ मृत नाही. याउलट मस्तिष्कस्तंभ मेल्यावरही केवळ मज्जारज्जूच्या बळावर बोटं, पाय, कधी हातही हलू शकतात. दोन्ही हालचाली वरवर सारख्या दिसतात, अर्थ अगदी विरुद्ध, आणि हा फरक सांगणं डॉक्टरांचं काम आहे. नातेवाइकांना तो शांतपणे, आकृती काढून समजावला गेला, तर अवयवदानाच्या प्रसंगी होणारा अविश्वास पुष्कळ कमी होईल, असं मला वाटतं.

शेवटचा आक्षेप थेट माझ्या मुद्द्यावर आहे: वाटसरूनं या फंदात पडूच नये, चुकीचं ज्ञान हे अज्ञानाहून धोक्याचं. निदानाच्या बाबतीत मला हे पूर्ण मान्य आहे. वेदना देऊन हात कसा हलतो ते तपासणं, मान हलवून पाहणं, डोक्याखाली उशी देणं, तोंडात चमचा घालणं, पाणी पाजणं, ताठलेले हात दाबून धरणं, यांतलं काहीही वाटसरूनं करू नये. करण्यासारखं थोडंच आहे: महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ वर फोन, मान आणि पाठ एका रेषेत धरणं, उलटी आली तर डोकं-मान-धड एकत्र कुशीवर वळवणं, श्वास चालू आहे ना हे सतत पाहणं, आणि श्वास कोंडत नसेल तर हेल्मेट न ओढणं. मदत करणाऱ्याला नाव सांगायला भाग पाडता येत नाही आणि त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, ही हमी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानं आणि मग मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमानं दिलेली आहे. पण या सगळ्याच्या जोडीला जे पाहिलं ते लक्षात ठेवणं कुणाला अपाय करत नाही. उलट बऱ्याचदा ती एकमेव नोंद असते. रुग्णवाहिकेत किंवा आपत्कालीन विभागात श्वासनळीत नळी घालण्यासाठी झोपेचं आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की त्यानंतर हात काय सांगतो हे कित्येक तास कुणालाच तपासता येत नाही.

अशा वेळी रुग्णाबरोबर आलेला माणूस एवढंच म्हणाला, की ‘साडेसातच्या सुमारास पडला, सुरुवातीला एकदा कण्हला, मग डावा हात वाकून छातीशी जात होता, पाच-सात मिनिटांनी दोन्ही हात ताठ झाले, झटके नव्हते’, तर समोरच्या डॉक्टरला त्यात एक पूर्ण कथानक मिळतं. डावी बाजू आधी बिघडली, म्हणजे इजा बहुधा उजवीकडे. आधी एक हात वाकला आणि मग दोन्ही ताठले, म्हणजे दाब काही मिनिटांत खाली सरकतो आहे. झटके नव्हते, म्हणजे फिटचं औषध देऊन वाट पाहण्याची ही वेळ नाही. एवढ्यात त्यानं पापणी उचलून उजवी बाहुली मोठी झालेली पाहिली, की सीटी स्कॅनच्या खोलीत आणि न्यूरोसर्जनला एकाच वेळी फोन जातो, आणि मॅनिटॉलची बाटली रुग्ण स्कॅनच्या टेबलावर पोचायच्या आधी लागलेली असते.